छंदाचा ग्रुप आणि समान न्याय: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता (पक्षीनिरीक्षण)

मोठ्या शहरात ग्रुपमधून काढलेला माणूस पुन्हा समोर येईलच असं नाही. सोलापुरात तो दुसऱ्या दिवशी मंडईत भेटतो, त्याची मेहुणी आपल्या मुलाला शाळेत शिकवत असते, आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीतही नेमका तोच शेजारी येऊन उभा राहतो. म्हणून छंदाचे ग्रुप सांभाळणारे आपल्याकडे बहुतेकदा गप्प बसतात. बोललेच तर नवख्याला बोलतात, कारण त्याच्याशी ओळख नसते. ज्येष्ठांनी तेच केलं की "जाऊ द्या, मोठे आहेत". हा भेद मला फार खटकतो, आणि म्हणूनच हा धागा काढतोय.

आमचा ग्रुप नान्नजच्या माळरानावर फिरणाऱ्यांचा. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. पुढे ते बाराशेच्या आसपास आणलं. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो. पण धाविक आहेत, माळटिटवी आहे, चंडोल आहेत, काळवीट आणि लांडगे आहेत. आमचा सगळ्यात कडक नियम घरट्यांचा. अंड्यांचे, पिलांचे फोटो टाकायचे नाहीत आणि दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा सांगायची नाही. (फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्यात जागेचे अक्षांश-रेखांश तसेच राहू शकतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. कॅमेरा घेऊन कुणी जवळ बसलं की पक्षी उठतो, आणि एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात उघडी पडलेली अंडी फार वेळ टिकत नाहीत. कावळे, कुत्री हेरतात ते वेगळंच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी छायाचित्रकारांनी माळटिटवीच्या अंड्यांचा फोटो टाकला. अर्ध्या ग्रुपला पक्षी ओळखायला त्यांनीच शिकवलंय, मलाही. त्याच्या थोडंच आधी कॉलेजमधल्या एका मुलाचा असाच फोटो आम्ही डिलीट केला होता. मी सरांना आधी फोन केला. ते म्हणाले, "मी लांबून घेतलाय, पक्षी उठलासुद्धा नाही." ते खरंच असणार. मी म्हणालो, "सर, हा फोटो बघून उद्या जे तिथे जातील त्यांच्याकडे तुमची लेन्स नाही आणि तुमचा धीरही नाही." फोटो डिलीट केला, आणि त्या मुलाच्या वेळी ग्रुपवर जे वाक्य लिहिलं होतं तेच शब्द न बदलता पुन्हा लिहिलं. सर बरेच आठवडे गप्प होते. तो मुलगा मात्र त्यानंतर प्रश्न विचारायला लागला.

तुम्ही कुठल्याही छंदाचा ग्रुप सांभाळत असाल तर लिहा. माणसांची, ग्रुपची नावं नकोत. ज्यांना कुणी काढून टाकलंय त्यांनी तर आवर्जून लिहा.

बुद्धिबळ, दमाणी नगर

आम्ही रविवारी रात्री ऑनलाइन स्पर्धा घेतो. बक्षीस नाममात्र, पण प्रत्येकाला आपल्या नावाची काळजी. एकदा नववीतल्या एका पोरानं दोन जुन्या खेळाडूंना पाठोपाठ हरवलं आणि ग्रुपवर लगेच सुरू झालं, "इंजिन लावलंय याने." म्हणजे संगणकाला विचारून चाली खेळतोय. कुणी अचूकतेच्या टक्क्यांचे, म्हणजे चाली संगणकाच्या चालींशी किती जुळतात त्याचे, स्क्रीनशॉट टाकले. मुलाचे वडील यंत्रमागावर कामाला, ग्रुपमध्ये वडिलांचाच नंबर. हे सगळं ते रात्रपाळीत वाचत होते.

एका डावाची अचूकता हा पुरावा नव्हे, हे खेळणाऱ्यांना कळायला हवं. समोरच्याने सुरुवातीलाच मोहरं गमावलं तर पुढच्या चाली सरळ असतात. पाठ केलेल्या ओपनिंगमध्ये पहिल्या दहा-बारा चाली कुणाच्याही अचूक येतात. संशय असेल तर बरेच डाव बघावे लागतात, आणि चालींपेक्षा वेळ बघावा लागतो. समोरच्याने मारलेल्या मोहऱ्याच्या बदल्यात मोहरं घ्यायलाही सात सेकंद आणि वजीर बळी द्यायलाही सातच सेकंद, असं सतत दिसलं तर विचारायला जागा आहे. त्या पोराच्या डावांत तसं काही नव्हतं. सोप्या चाली झटक्यात, अवघड ठिकाणी घड्याळ खाली येईपर्यंत विचार, आणि शेवटी चुकाही.

काही जण म्हणाले, त्याला समोर बसवून खेळायला लावा, कळेल. मी नकार दिला. आरोप करणाऱ्याने दाखवायचं असतं, पोराने कशाला सिद्ध करायचं? आरोपाचे सगळे मेसेज काढले, "डाव तपासले, गैर काही आढळलं नाही" एवढंच लिहिलं, आणि नियम केला की शंका ग्रुपवर नाही, स्पर्धा बघणाऱ्या दोघांना खासगीत कळवायची.

पुढे एका मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र खरंच आढळलं. खासगीत विचारलं, त्यांनी कबूल केलं, काही स्पर्धांपासून लांब राहिले. त्यांचं नावही आम्ही ग्रुपवर घेतलं नाही. तेव्हा तेच जुने खेळाडू चिडले, "आम्हाला कळायला नको का?" नको. पोराच्या वेळी तुम्हाला हे कळलं असतं तर बरं झालं असतं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

गच्चीवरची बाग, विजापूर रोड

आमच्याकडे वाद विक्रीचा. सोलापुरात रोज नळाला पाणी येत नाही, त्यामुळे गच्चीवर बाग करणारी बाई पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवते. कमी पाण्यावर तगणारं रोप, नारळाच्या काथ्याचा भुसा, पालापाचोळ्याचं आच्छादन, यासाठी ग्रुप. हळूहळू दर तिसरा मेसेज रोपांच्या दराचा यायला लागला. मग ठरवलं, विक्री फक्त रविवारी, एकाने एकच पोस्ट, दर लिहिलेला पाहिजे.

पहिल्यांदा नियम मोडला माझ्या जाऊबाईंनी. बुधवारी, आठ फोटो! घरात एकच स्वयंपाकघर, त्यामुळे माझी अडचण समजून घ्या. पण आम्ही नियम करतानाच एक गोष्ट लिहून ठेवली होती: ज्या ॲडमिनचं नातं किंवा व्यवहार असेल तिने त्या बाबतीत काही ठरवायचं नाही, दुसरीने बघायचं. दुसरीने बघितलं, पोस्ट काढली, जाऊबाईंना फोन केला. जाऊबाई मला म्हणाल्या, "तू काहीच बोलली नाहीस." मी म्हटलं, वहिनी, मला बोलायला परवानगीच नाही. त्यांना ते पटलं असं नाही म्हणणार, पण रविवारी त्यांची जास्वंदीची रोपं अर्ध्या तासात संपली.

जुन्या सोलापूरची छायाचित्रे, साखर पेठ

आमच्या ग्रुपात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे सगळे. गिरण्यांच्या काळातले फोटो ज्यांच्या पेटीत आहेत ते बहुतेक म्हातारे, त्यांना टाइप करता येत नाही. ते व्हॉइस मेसेज पाठवतात, आणि पूर्व भागातल्या आजोबांचा तो तेलुगूत असतो. एका सदस्याने तक्रार केली, ग्रुप मराठी आहे, मराठीतच बोला. आम्ही ठरवलं, बोलणाऱ्याने आपल्या भाषेत बोलावं आणि ग्रुपातल्या ज्या कुणाला ती भाषा येते त्याने खाली दोन ओळी मराठीत लिहाव्यात. आता तक्रार करणाऱ्यांच्या शेजारचीच मुलगी त्या ओळी लिहिते. चिमणीमागच्या वस्तीची, भोंग्याच्या वेळांची जी माहिती आम्हाला मिळाली ती भाषेचा आग्रह धरला असता तर त्या पेट्यांतच राहिली असती.

यापेक्षा अवघड जानेवारी महिना. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. दरवर्षी त्या सुमारास कुणीतरी एकाचाच फोटो टाकतं, खाली आपल्या समाजाचा जयजयकार, मग दुसरा उत्तर देतो आणि भांडण पेटतं. आमचा नियम असा की या विषयावर लिहायचं तर चारही नावं एकत्र लिहायची. एकाबद्दल वेगळी माहिती असेल तर जरूर द्या, पण बाकीची तीन नावं त्याच पोस्टमध्ये पाहिजेत. नियम मोडणारा माझ्या जातीचा असो नाहीतर दुसऱ्याच्या, पोस्ट परत पाठवतो आणि म्हणतो, अण्णा, तीन नावं राहिली. बहुतेक जण लिहून पुन्हा टाकतात. एक-दोघं रागावून गेले, त्यांचं मला वाईट वाटतं. तरी हा नियम मी सैल करणार नाही.

सायकल, होटगी रोड

थोडक्यात लिहितो. पहाटेच्या राइडची वेळ आणि रस्ता सोडून ग्रुपवर काही नको, म्हणून "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" ठेवलं होतं. शांतता झाली, पण राइडला येणारेही कमी झाले. शेवटी गप्पांसाठी वेगळा ग्रुप केला. हेल्मेट नसलेला फोटो दोन्हीकडे चालत नाही, मग तो ॲडमिनचा असला तरी.

नाणी आणि नोटा, बाळीवेस

मला वरच्या सगळ्यांशी थोडा मतभेद नोंदवायचाय. आम्ही पंचवीस-तीस संग्राहक, सगळे एकमेकांच्या घरी जाऊन आलेले. लेखी नियम एकच: नक्कल नाणं असेल तर "नक्कल" असं लिहिल्याशिवाय फोटो टाकायचा नाही. बाकी बोलून भागतं. लहान ग्रुपवर नियमांचं पान चिकटवलं की माणसं आधी त्यातल्या फटी शोधतात, असं माझं ठाम मत आहे.

पण एक सांगतो. निवृत्त झालेल्या एका काकांनी "ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेला लाखो रुपये" हा मेसेज टाकला, खाली फोन नंबर. तरुण मंडळी म्हणाली, काढा यांना, फसवणूक पसरवतात. काकांना मी घरी जाऊन भेटलो. ते स्वतःच नोंदणीचे पैसे भरायच्या बेतात होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असं शुल्क मागत नाही. ते त्यांना दाखवलं. मेसेज काढला, काका राहिले. फसवणारा आणि फसणारा दोघांना एकाच काठीने हाणणं याला मी न्याय म्हणत नाही.

काढून टाकलेली सदस्य, शेळगी

धागाकर्त्यांनी बोलावलं म्हणून लिहिते. मी एका पाककृतींच्या मोठ्या ग्रुपवर होते. शेंगा चटणीवर बोलणं चाललं होतं. मी लिहिलं, मिक्सरमध्ये फिरवली की दाण्याचं तेल सुटत नाही, नुसता कूट होतो; उखळात कांडली की चटणी तेलकट, गोळा होणारी होते. एका बाईंना ते लागलं, त्या मिक्सरच्याच करून विकतात हे मला माहीत नव्हतं. दोन-चार मेसेज इकडून तिकडून झाले, शिवी नाही, काही नाही. संध्याकाळी बघते तर मी ग्रुपवर नाही.

माझ्या सासरची निम्मी माणसं त्या ग्रुपात. "काय केलंस गं?" असं प्रत्येकजण विचारायचा, आणि मला सांगताच येईना, कारण मलाच कुणी सांगितलं नव्हतं. ॲडमिनना मेसेज केला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. काढल्याचं दुःख कमी होतं. लोकांना वाटायचं, काहीतरी घाण लिहिलं असणार हिने.

आता मी दुसऱ्या ग्रुपची ॲडमिन आहे. आमच्याकडे कुणाला काढायचं तर आधी खासगीत त्याचा तोच मेसेज त्याला दाखवून सांगायचं, कशामुळे. मग काही दिवस लिहिणं बंद. फेसबुक ग्रुपवर आणि टेलिग्रामवर एकट्या सदस्याचं लिहिणं ठरावीक काळ थांबवता येतं, म्हणून आम्ही व्हॉट्सॲपवरून तिकडे गेलो. त्यानंतरच काढायचं, तेही दोन ॲडमिनचं एकमत झाल्यावर. आणि त्याने विचारलं तर उत्तर द्यायचं. हे मात्र कधीही चुकवायचं नाही.

धागाकर्ता

ताई, तुमचं लिहिणं वाचून आमच्या नियमांत "विचारलं तर उत्तर" हे आजच घातलं. मिक्सर-उखळाच्या बाबतीतही मी तुमच्याच बाजूचा.

दोघा-तिघांनी मला खासगीत विचारलं, सदस्याने काही भलतंसलतं टाकलं तर पोलीस ॲडमिनला धरतात का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ च्या निकालात म्हटलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसला पाहिजे. तेव्हा भीतीपोटी माणसं काढत सुटू नका. काढायचं कारण ग्रुपच्या हिताचं असू द्या.

वाचनगट, जुळे सोलापूर

आमचा प्रश्न वेगळाच होता. ग्रुप ज्यांनी बनवला ते तात्या. व्हॉट्सॲपवर ग्रुप बनवणाऱ्याचं ॲडमिनपद दुसऱ्या ॲडमिनला काढून घेता येत नाही. तात्या दररोज राजकीय लेख टाकायचे, आणि दुसऱ्याने टाकला की "आपला गट पुस्तकांचा आहे" म्हणून काढायचे. बोलणार कोण? त्यांच्याच हॉलमध्ये आम्ही महिन्याला जमतो, चहा त्यांच्याच घरचा.

शेवटी महिन्याच्या बैठकीत एका काकूंनी मागच्या महिन्यातल्या पोस्ट मोठ्याने वाचून दाखवल्या, कुठल्या राहिल्या आणि कुठल्या गेल्या. नाव एकाचंही घेतलं नाही. तात्या ऐकत बसले होते. म्हणाले, "हे माझंच आहे सगळं." दोन दिवसांनी ते ग्रुपमधून स्वतः बाहेर पडले आणि आम्हाला म्हणाले, आता मला साधा सदस्य म्हणून घ्या. ॲडमिन तिघी आहोत, दर दिवाळीनंतर बदलतो. मागच्या आठवड्यात तात्यांचा एक लेख आम्ही काढला. त्यांचा फोन आला, का काढला म्हणून. पाऊण तास बोललो, लेख परत टाकला नाही. पुढची बैठक त्यांच्याच हॉलमध्ये आहे.