'ओपन-व्हील'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: अमेरिकेचा मोटारशर्यतपटू ए. जे. फॉइट याच्यावरचा लेख अनुवादित करते आहे. ह्यूस्टनचा हा गडी १९५८ ते १९९२ सलग ३५ वर्षं इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरला, चारदा जिंकला. 'ओपन-व्हील', म्हणजे चाकं सांगाड्याबाहेर असलेली गाडी, हिला 'उघड्या चाकांची' लिहिलं तर संपादकांना टायर निघाल्यासारखं वाटतं. 'मोकळ्या चाकांची'ही पटत नाही. काय लिहू?

रानवारा: 'बिनमडगार्डची'. कुठल्याही गॅरेजात कळेल.

शुद्धाक्षर: मडगार्ड इंग्रजीच की! 'बहिश्चक्री' लिहा. नेमका आहे, रुळायला वेळ द्या.

रानवारा: वाचक तिथेच पान उलटेल. शब्द रुळतात ते बोलणाऱ्यांच्या तोंडी.

पैलतीर: मी इंडियानात राहतो. फॉइट ज्या स्प्रिंट कार चालवायचा त्यांचाही शब्द ठरवा. इथे त्या मातीच्या ट्रॅकवर पळतात. आधी चिकणमातीवर पाणी मारतात. गाडीला स्टार्टर नसतो, मागून दुसरी गाडी ढकलते तेव्हा इंजिन पेटतं. वळण डावीकडे आणि पुढची चाकं उजवीकडे, कारण मागचं अंग घसरवतच वळण घ्यायचं असतं. शर्यती छोट्या, म्हणून 'धावगाडी' कसं वाटतं?

माळरान: 'धाव' म्हणजे बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी! लोहार ती लालबुंद तापवून लाकडी चाकावर चढवायचा, लगेच पाणी ओतायचा. चर्र आवाज यायचा आणि धाव आवळून बसायची. आजोळी पाहिलंय.

शुद्धाक्षर: तीही 'धावणे'वरूनच. चाक जिच्यावर धावतं ती धाव.

माळरान: मला नाही पटत. लोहाराचा शब्द व्याकरणातून आला असेल कशावरून?

शब्दवेडी: मूळ प्रश्न राहिलाच, त्यात 'व्हेटरन'चीही भर. संपादकांना 'दिग्गज' हवाय.

पैलतीर: दिग्गज आता कुणालाही म्हणतात. १९९० मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेकला फॉइटचे दोन्ही पाय चिरडले. पुढच्याच वर्षी इंडियानापोलिसला तो पहिल्या रांगेत, दुसऱ्या जागेवरून सुटला. त्याला 'जुनं खोड'च शोभतं.

शुद्धाक्षर: त्यात बेरकीपणाची छटा आहे. छापील लेखात नको.

रानवारा: आमच्याकडे आदरानेच म्हणतात. माळरान, धाव सैल झाली की उन्हाळ्यात चाकं ओढ्यात बुडवून ठेवायचे, त्याला तुमच्याकडे काही वेगळा शब्द आहे का?