उसाच्या शिबिराला बायका का नसतात?

करवीरची शेतकरीण
आमच्या भागात बायकांसाठी प्रशिक्षण निघालं की शेळीपालन, नाहीतर पापड-लोणची. उसाच्या शिबिराचा निरोप मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला, म्हणजे घरच्या बाप्यांना. आणि लागण करतं कोण? उसाची एक डोळ्याची (एका कोंबाची) कांडी आधी बुरशीनाशकाच्या पाण्यात १० मिनिटं बुडवायची, सुकवायची, मग जिवाणू खताच्या द्रावणात अर्धा तास ठेवायची. दोन्ही एकाच टबात ओतलं तर औषधानं जिवाणू मरतात, खर्च पाण्यात. हे शिबिराला जाऊन आलेल्याला माहीत असतं, पण तो बांधावर उभा. टबापाशी बसलेल्या बाईला एवढंच सांगतात, 'बुडव आणि दे'. हातमोजेसुद्धा देत नाहीत. जी काम करते, प्रशिक्षण तिला मिळायला पाहिजे.

शिरोळचा ऊसवाला
ताई, शिबिरं सगळ्यांना खुली असतात. बायका येत नाहीत, आल्या तरी मागं बसतात आणि मधूनच उठून जातात. कारखान्याची नोंद, सोसायटीचं कर्ज, खताची खरेदी ज्याच्या नावावर, तोच बघणार. निर्णय हातात नसताना शिकून बदल कसा होणार? आणि शेळीपालनाला नावं ठेवू नका. शेळीचा पैसा बाईच्या हातात राहतो. उसाचं बिल कुणाच्या खात्यावर जातं, तुम्हालाही ठाऊक आहे.

आजऱ्याची वैनी
दादा, उठून जातात कारण संध्याकाळची धार काढायची असते. शिबिर ११ चं, पाहुणे येणार १ वाजता, मग सत्कार. मूळ विषय निघेपर्यंत घरी म्हशी हंबरायला लागतात. जेवणानंतर दोन तास, गावातल्याच रानात ठेवून बघा की. आमच्या आजरा घनसाळ भाताला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं बियाणं निवडून वर्षभर जपणाऱ्या बायकाच आहेत. त्यांना शिकायची हौस नाही, हे मला पटत नाही.

कागलकर
माझा विरोध दोघांनाही आहे. वेळ बदला, विषय बदला, जमीन नावावर नसेल तर बाई रानात मजूरच. १९९२ सालची लक्ष्मीमुक्ती योजना बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठीच आली, पण अर्ज नवऱ्यानं करायचा! २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातली जेमतेम १४ टक्के वहिवाट खाती, म्हणजे जमीन कसणाऱ्यांची खाती, बायकांची होती. शेतकरी प्रशिक्षणाच्या 'आत्मा' या सरकारी योजनेत किमान ३० टक्के निधी महिलांसाठी ठेवायचा नियम आहे. हजेरीपटावर सह्या घेऊन तो कागदावर पुरा करता येतो. जमिनीचं तसं नाही.

शिरोळचा ऊसवाला
नाव लावलं की भाऊबंदकी सुरू होते. घरोघरी एवढं सोपं नाही.

करवीरची शेतकरीण
कागलकर, नाव लागलंच पाहिजे. पण त्याची वाट बघत बसलो तर उसाची ही सुरू हंगामातली लागणही अशीच जाईल. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांची शेती आज बायकाच बघतात, सातबारा कुणाचाही असो. आणि ऊसवाले दादा, पैसा शेळीचा बाईकडं आणि उसाचा बाप्यांकडं, हीच तर माझी तक्रार आहे. तुमच्या गावात पुढचं शिबिर कधी आहे? निरोप बचत गटाच्या अध्यक्षांकडं द्या, आणि बेणेप्रक्रिया, म्हणजे कांडी बुडवायचं काम, बायकांच्या हातानं करून घ्या. मग किती बायका मधूनच उठतात ते इथं सांगा.