इंग्लंडात सरपंच कोण असते? भावाले चार नावांचं टॅक्स बिल आलं

दारव्ह्याचा_पोट्टा
रामराम मंडळी. माहा लहान भाऊ इंग्लंडात बॅनबरीले दवाखान्यात नोकरीले लागला, भाड्याच्या घरात एकटाच रायते. त्याले काउन्सिल टॅक्सचं बिल आलं, त्याच्यावर चार नावं, ऑक्सफर्डशायर काउंटी काउन्सिल, चेरवेल डिस्ट्रिक्ट काउन्सिल, बॅनबरी टाउन काउन्सिल अन् वरतून थेम्स व्हॅली पोलीस. फोनवर मले विचारते, दादा तू एक टर्म मेंबर होता नं, मंग सांग याच्यातली आपली ग्रामपंचायत कोणती? आता मी का सांगू बाप्पा. आपल्याकडं घरपट्टी मालकाच्या नावानं निघते, तिथं किरायदारानं काहून भराची? अन् तिथला मेयर गळ्यात सोन्याची साखळी घालून कार्यक्रमात बसते म्हणे, तोच सरपंच का? उद्या कचरा, रस्ता, असं काई काम पडलं तं जाचं कोणाकडं?

माजी_ग्रामसेवक
तीन पायऱ्या आपल्यासारख्याच धरा. काउंटी म्हणजे साधारण जिल्हा परिषद, डिस्ट्रिक्ट म्हणजे पंचायत समिती, टाउन काउन्सिल ही ग्रामपंचायत. खेड्यात तिलाच पॅरिश काउन्सिल म्हणतात, १८९४ च्या कायद्यानं सुरू झालेली. काउंटी-डिस्ट्रिक्टची आजची मांडणी १९७२ च्या कायद्याची, अंमल १९७४ पासून. पण नोकरीत असताना आम्हाला जे शिकवलं त्यावरून अंदाज बांधाल तर फसाल, कारण आपल्याकडे पैसा वरून झिरपत खाली येतो, वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यात पडतो आणि मग सरपंच-सचिव दोघांच्या सहीनं निघतो. तिथली टाउन काउन्सिल मुख्यतः स्वतःच्या पट्टीवर चालते. वर्षाला किती लागणार तो आकडा ठरवून ती डिस्ट्रिक्टला कळवते, डिस्ट्रिक्ट सगळ्यांची वसुली एकाच बिलात करते आणि ज्याचा वाटा त्याला देते. म्हणून बिलावर चार नावं. पोलिसांचाही वाटा त्यातच, तिकडे पोलिसांवर देखरेखीसाठी वेगळा कमिशनर निवडून येत आला आहे, तो आपल्या एसपीसारखा अधिकारी नव्हे.

साखळीवाला मेयर हा टाउन काउन्सिलचा अध्यक्ष. दर मे महिन्यात सदस्य आपल्यातूनच एकाला एका वर्षासाठी निवडतात. फीत कापणं, सभा चालवणं, शाळेत बक्षिसं वाटणं हेच त्याचं मुख्य काम. थेट जनतेतून निवडून आलेला, अधिकारवाला मेयरही काही शहरांत असतो, पण बॅनबरीचा तसा नाही.

हिंगणघाट_ते_कोव्हेंट्री
मी इथं बरीच वर्षं आहे, वरचं उत्तर बरोबर आहे, आता कामाचं सांगतो. रस्त्यातला खड्डा, लायब्ररी, म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे काउंटीकडे. कचऱ्याचे डबे उचलणं, घर बांधायची परवानगी, घरकुलाची यादी हे डिस्ट्रिक्टकडे. आणि गंमत म्हणजे डबा डिस्ट्रिक्ट उचलतं पण त्या कचऱ्याची विल्हेवाट काउंटीनं लावायची! टाउन काउन्सिलकडे बगीचे, स्मशानभूमी, डिसेंबरातली रोषणाई, आणि भाजीपाला लावायला भाड्यानं मिळणारे जमिनीचे तुकडे, त्याची वेटिंग लिस्ट असते म्हणून हौस असेल तर आत्ताच नाव लावून ठेवा म्हणावं, मेथी-सांबार घरचा होईल.

टॅक्स किरायदारच भरतो, कारण तो राहणाऱ्यावर लागतो. घराला ए पासून एच पर्यंत किमतीचा पट्टा (बँड) असतो आणि तो ठरतो १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत किती होती त्यावर. काल बांधलेलं घर असलं तरी १९९१ ला ते असतं तर केवढ्याचं असतं हा हिशोब, त्यानंतर इंग्लंडात फेरमोजणी झालीच नाही. एच वाला ए वाल्याच्या तिप्पट भरतो. तुझा भाऊ एकटा राहतो नं, मग २५ टक्के सूट मिळते, पण अर्ज केल्याशिवाय कोणी देत नाही, चेरवेलच्या साइटवर आजच भर म्हणा.

कापूस_भाव_किती
वा वा, म्हणजे तिकडं सगळं साजरं अन् आपल्याकडं सगळं भंगार, हेच ऐकाचं होतं. आमच्याकडं ग्रामसभेचं रजिस्टर सभा उठल्यावर शिपाई घरोघरी घेऊन फिरते, बाया पोळ्या टाकता टाकता पिठाच्या हातानं सही करतात, अन् झाला कोरम. पण म्हणून साहेबाच्या देशाचे गोडवे गाऊ नका. बॅनबरीच्या बाजूलाच नॉर्थॅम्प्टनशायर, त्या काउंटीनं २०१८ मध्ये हात वर केले, पैसे संपले म्हणून, अन् २०२१ ले ती काउंटी काउन्सिलच मोडीत काढली. २०२३ ले बर्मिंगहॅमच्या काउन्सिलनंही तसेच पैसे संपले म्हणून हात वर केले.

माजी_ग्रामसेवक
कापूसभाऊ, मुद्दा बरोबर आहे. त्यांची अडचण अशी की लिखित घटना नाही, संसदेनं कायदा केला की काउन्सिल बरखास्त. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीनं मुदत पाच वर्षं पक्की केली, तरी यवतमाळ, अमरावतीच्या जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक बसला, हेही तेवढंच खरं. मला मात्र मोठा फरक वेगळाच वाटतो. आपला जिल्हा परिषदेचा सीईओ, पंचायत समितीचा बीडीओ सरकार पाठवतं आणि सरकारच बदली करतं, सभापतीशी पटलं नाही की फाईल मुंबईला. तिथं काउंटीचा चीफ एक्झिक्युटिव्ह काउन्सिल स्वतः नेमते, जाहिरात काढून, मुलाखत घेऊन. टाउन क्लार्कसुद्धा, म्हणजे माझ्या जागेवरचा माणूस, टाउन काउन्सिलचाच नोकर. त्यानं सभेच्या तीन पूर्ण दिवस आधी विषयपत्रिका लावायची, नाहीतर ठराव अडचणीत. माझ्या वेळी अशी सवय गावाला असती तर अर्ध्या तक्रारी आल्याच नसत्या, पण जाऊ द्या.

दारव्ह्याचा_पोट्टा
लय भारी माहिती भेटली जी. सूट असते हे त्याले मालूमच नव्हतं, आत्ताच फोन केला. एक राहिलं, त्याच्या घरी मतदार नोंदणीचा कागद आला म्हणते. तो तं भारताचा नागरिक, वर्क व्हिसावर गेलेला, चुकून आला असंन का?

हिंगणघाट_ते_कोव्हेंट्री
चुकून नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून व्हिसा असलेल्या भारतीयाला इथं मत देता येतं, काउन्सिलला पण आणि संसदेला पण. बऱ्याच पोरांना ठाऊकच नसतं, कागद तसाच कचऱ्यात जातो. २०२३ पासून फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यात भारतीय पासपोर्ट चालतो. डिस्ट्रिक्टच्या निवडणुका मे च्या पहिल्या गुरुवारी असतात, चेरवेलमध्ये एक तृतीयांश जागा एका वेळी, म्हणून जवळजवळ दरवर्षी काहीतरी मतदान असतंच. मात्र सरकारनं डिसेंबर २०२४ ला धोरण काढलंय की काउंटी-डिस्ट्रिक्ट अशी दोन दुकानं बंद करून सगळीकडे एकच काउन्सिल ठेवायची, तेव्हा पुढं बिलावरचं एक नाव कमी होऊ शकतं.

कापूस_भाव_किती
नाव कमी होईन, आकडा नाई होत राजा.