ॲमस्टरडॅमचे कालवे: तीन दिवस, गर्दी टाळून काय बघावं?

उभादांडा:
जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आई-बाबांना घेऊन ॲमस्टरडॅमला जायचंय. हातात तीन पूर्ण दिवस. व्हिसा, तिकिटं, हॉटेल झालंय. ॲन फ्रँक हाउस, राइक्सम्युझियम, ट्यूलिप वगैरे याद्या सगळीकडे मिळतात, त्या नकोत. बाबांचं आयुष्य मासेमारीच्या ट्रॉलरवर गेलं, त्यामुळे पाणी, होड्या, धक्के दाखवा म्हणतात. आईला गुडघ्यांमुळे जिने जमत नाहीत. आणखी तीन प्रश्न: कालव्यांत भरती-ओहोटी असते का? होडी भाड्याने घेऊन स्वतः चालवता येते का? आणि वेंगुर्ल्याची डच वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, तिचं तिथे काही उरलंय का?

रापण:
बाबांक सांगा, थंय भरती-सुकती नाय. उत्तर समुद्राच्या बाजूला आयमाउडेनची जलद्वारं आहेत आणि पूर्वेकडची झाउडरझे खाडी १९३२ मध्ये ३२ किलोमीटर लांबीच्या बांधाने बंद केली. शहरातलं पाणी समुद्रपातळीच्या शून्यापेक्षा साधारण ४० सेंटिमीटर खाली, वर्षभर एकाच पातळीवर धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे आपल्या जेटीसारखी धक्क्याला शेवाळाची उंच पट्टी दिसत नाही आणि होडी बांधताना दोरीला भरती-ओहोटीपुरती ढील ठेवावी लागत नाही. पाणी साचून कुजू नये म्हणून पंपांनी बाहेरचं पाणी आत ढकलतात.

तो शून्य बघता येतो, फुकट. वॉटरलोप्लेनला नगरपालिका आणि ऑपेरा एकाच इमारतीत आहेत, तिला स्टोपेरा म्हणतात. तिच्या आतल्या वाटेखाली खांबावर पितळी खूण आहे. नेदरलँड्समधली उंची-खोली मोजायची ती या पातळीपासून. शेजारी काचेचे तीन पाण्याचे स्तंभ आहेत: दोन आयमाउडेन आणि फ्लिसिंगनच्या त्या वेळच्या समुद्रपातळीचे, तिसरा १९५३ च्या पुराचा, शून्याच्या ४.५५ मीटर वर. मान वर करून तो तिसरा बघितला की हे शहर कशाच्या जोरावर उभं आहे ते कळतं. स्तंभ वाटेतूनच दिसतात, पितळी खुणेसाठी मात्र पायऱ्या उतराव्या लागतात.

होडीचं: मिळते. पाच-सहा मीटरची विजेवर चालणारी, सहा-सात माणसांची, तासावर भाडं, लायसन लागत नाही. मात्र चालवणारा १८ च्या वरचा हवा. पुढच्या गोष्टी बाबांना आधी सांगा, कारण खोल समुद्रातल्या माणसाची नेमकी इथे गफलत होते.

वेग ताशी ६ किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याइतका. उजव्या काठाने जायचं. पर्यटकांच्या लांब काचेच्या बोटींना कायम वाट द्यायची. त्या वळणाआधी लांब भोंगा वाजवतात, तो ऐकला की पुलाआधीच थांबा, पुलाखाली नको. होडी हलकी आणि बुडाला सपाट असते, त्यामुळे वारा तिला आडवी ढकलतो. ट्रॉलरच्या वजनाची सवय असेल तर थांबायला उशीर होतो आणि दगडी भिंत लागते. ब्रेक नाही, रिव्हर्सच ब्रेक, तोही दोन होड्यांच्या लांबीइतका आधी टाकायचा. सुकाणूचा दांडा असेल तर नेहमीसारखाच, उलट दिशेला. पुलाखाली कुणी उभं राहायचं नाही. पुलाला किंवा पुलाखाली बांधायचं नाही. स्टेशनामागच्या एय नावाच्या रुंद पाण्यावर भाड्याच्या होड्या नेऊ देत नाहीत, तिथे मालवाहू बार्जची वर्दळ असते. बिअर पिऊन चालवली तर गाडीसारखाच दंड.

दोन तास पुरतात. आधीच्या दिवशी वाऱ्याचा अंदाज बघा. जोराचा वारा असेल तर सरळ रद्द करा.

जुनीवखार:
वखारीच्या प्रश्नाला. कंपनीचं मुख्य कार्यालय अजून उभं आहे: आउडे होखस्ट्रात २४, ओस्ट-इंडिश हाउस, १६०६ चं. आता ते ॲमस्टरडॅम विद्यापीठाकडे आहे. विटांचं चौक असलेलं आवार, तिथे जाऊन उभं राहता येतं, मात्र विद्यापीठ चालू असलेल्या वारी दिवसा जा. डामडौलाची अपेक्षा ठेवू नका. आपली वखार चालवायचे हुकूम अशाच साध्या आवारातून सुटत. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना डच आरमाराला वेंगुर्ल्याचा आधार होता, हे डोक्यात ठेवून गेलात तर दगडविटाही बोलतात.

दुसरी जागा स्खेपफार्टम्युझियम, म्हणजे सागरी संग्रहालय. इमारत १६५६ ची, आरमाराचं भांडार. बाहेर १७४९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला लागून बुडालेल्या 'ॲमस्टरडॅम' या कंपनीच्या जहाजाची प्रतिकृती असते. ती डागडुजीसाठी हलवलेली नाही ना, हे निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघा. जहाजात शिड्या आहेत, आईंना आतल्या काचेच्या छताच्या चौकात बसवा. तिथून चालत दहाएक मिनिटांवर आंत्रपोडॉक आहे, ज्याकडे कुणी फिरकत नाही आणि माझ्या मते जो शहरातला सगळ्यात सुंदर पट्टा आहे: ८४ गुदामांची एकच रांग, प्रत्येकावर एका डच किंवा बेल्जियन गावाचं नाव, तेही वर्णक्रमाने. आता घरं झालीत. सपाट वाट, बाकडी, समोर पाणी.

कागदपत्रं हवी असतील तर हेगचं राष्ट्रीय अभिलेखागार, हेग सेंट्रल स्टेशनच्या शेजारीच, ॲमस्टरडॅमहून रेल्वेने साधारण ५० मिनिटं. पण मूळ कागद हातात मिळतीलच असं नाही, स्कॅन झालेल्या कागदांचा स्कॅनच दाखवतात, आणि सतराव्या शतकातलं डच अक्षर वाचता येत नाही. त्यापेक्षा घरूनच कंपनीच्या कागदांच्या ग्लोबलाइझ प्रकल्पाच्या साइटवर यंत्राने वाचलेला मजकूर शोधा. वेंगुर्ला शोधताना इंग्रजी व्ही नको, डब्ल्यूने सुरुवात करा.

तिरफळ:
आईंच्या गुडघ्यांसाठी आधी हॉटेलला मेल करा: लिफ्ट आहे का आणि ती तळमजल्यापासून आहे का. कालव्याकाठची जुनी घरं अरुंद असतात, जिने इतके उभे की सामान दर्शनी भिंतीवरच्या आकड्याला दोरी बांधून खिडकीतून घेतात. काही घरं पुढे झुकलेली दिसतील, ती पडायला आलेली नसून मुद्दाम तशी बांधलेली, वर चढणारा माल भिंतीला घासू नये म्हणून. बाजूला कललेली मात्र खरोखर पाया खचल्याची. सगळं लाकडी खुंटांवर उभं आहे. डॅम चौकातल्या राजवाड्याखालीच १३,६५९. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत टिकतं, भूजल खाली गेलं आणि हवा लागली की कुजतं. म्हणून शहर पाण्याची पातळी इतकी जपतं.

उभ्या जिन्यांमुळेच 'आमचा देव माळ्यावर' नावाचं लपवलेलं कॅथलिक चर्च, सुंदर असूनही, आईंना नको. तीन घरांच्या माळ्यावर आहे ते. त्याऐवजी बेखाइनहोफ, घरांनी वेढलेलं जुनं आवार: स्पाउ चौकाजवळच्या गल्लीतल्या दारातून आत, फुकट, जिने चढायचे नाहीत. तिथलं ३४ नंबरचं लाकडी घर शहरात उरलेल्या अगदी मोजक्या लाकडी घरांपैकी आहे, कारण आगींमुळे १५२१ मध्ये लाकडाची घरं बांधायला बंदी आली. लोक राहतात तिथे, हळू बोला. योर्डान भागातलं कार्टहाउझरहोफ तसंच, आणखी निवांत.

बाबांसाठी फेरी. स्टेशनाच्या मागच्या बाजूने एय ओलांडणाऱ्या सगळ्या फेऱ्या फुकट, तिकीटच नाही. एनडीएसएमची घ्या, पंधराएक मिनिटं. पलीकडे जुनं जहाजबांधणी आवार आहे. बसायला जागा कमी, आणि सायकली, स्कुटी आत घुसतात तेव्हा आईंना कडेला उभं करा.

पैसे: ट्राम, मेट्रो, रेल्वेत बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना दोन्हीदा टेकवायचं. रुपे चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं. परदेशातला कॉन्टॅक्टलेस वापर बँकेच्या ॲपमधून इथूनच चालू करून जा. एका कार्डावर तिघं जाता येत नाही, माणशी एक. चढताना कार्ड आणि उतरताना मोबाइल टेकवलात तर ते दोन वेगळे प्रवासी धरले जातात आणि दोन्ही प्रवास अर्धवट राहतात. रेल्वेतून उतरताना टेकवायला विसरलात तर २० युरो जातात.

सायकलचा रस्ता लाल डांबराचा. त्यावर फोटोसाठी थांबू नका, घंटी वाजवतात पण थांबत नाहीत. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते. रेनकोट न्या.

उभादांडा:
होडीचं बाबांना वाचून दाखवलं, ते खूश. मासे खायला काय? आणि तिसऱ्या दिवशी खिटहॉर्न या कालव्यांच्या गावाला जावं का?

तिरफळ:
तुमच्या तारखा हेरिंगच्याच. ताजा मोसम जूनच्या मध्याला सुरू होतो. आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. आतडी काढताना स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात, त्यातल्या रसाने आणि मिठाने तो मुरतो. शिजवत नाहीत, पण कृमी मरावेत म्हणून उणे २० अंशावर गोठवणं सक्तीचं आहे, त्यामुळे पोटाची धास्ती नको. चिरलेला कांदा आणि काकडीचं लोणचं घेऊन गाडीवरच खा. आईंना कच्चं नको वाटलं तर किबेलिंग मागा, तळलेले माशाचे तुकडे. तिखट मागायची सवय सोडा.

रापण:
खिटहॉर्न नको. जाऊन-येऊन दिवस जातो आणि दुपारी होड्यांची नुसती रांग. उत्रेख्तला जा, रेल्वेने अर्धा तास. तिथल्या आउडेग्राख्त कालव्याचा धक्का दोन मजली: वर रस्ता, खाली पाण्यालगत दुसरा धक्का आणि त्याला लागून रस्त्याखाली गेलेली तळघरं. होडीतला माल थेट तळघरात जायचा. खाली उतरायला पायऱ्या आहेत, त्यामुळे बाबांना खाली पाठवा, आईंसोबत वर पुलावर थांबा. तिथून दोन्ही मजले दिसतात.