अनुभव सांगा: गोठणारा हिवाळा, दमट उन्हाळा आणि मधल्या महिन्यांतली बाग

मंडळी, भूगोलात याला आर्द्र खंडीय हवामान म्हणतात. सगळ्यात थंड महिन्याची सरासरी शून्याखाली, निदान ४ महिन्यांची १० अंशांच्या वर, आणि पाऊस नाहीतर बर्फ वर्षभर काही ना काही पडतच राहणार. कागदावर एवढंच, पण जानेवारीत उणे २० आणि जुलैत घामाने चिकचिक करणारे ३३-३५ अंश, या दोन टोकांच्या मध्ये बाग करायची म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळतं. तुम्ही काय बघून ठरवता, काय लावता, काय सोडून दिलंत, मोकळेपणाने लिहा. सुरुवात मीच करते.

मी कॅलेंडर बघत नाही, माती बघते. साधा थर्मामीटर सकाळच्या वेळी ८-१० सेंमी खोल खुपसायचा. ५-७ अंश आले की वाटाणा, पालक, मुळा थेट जमिनीत पेरून टाकते, नंतर पुन्हा बर्फ पडला तरी त्यांना फारसं काही होत नाही. टोमॅटो आणि मिरची मात्र माती १५-१६ च्या पुढे गेल्याशिवाय बाहेर काढायची नाहीच, कारण गार मातीत मुळं वाढत नाहीत, रोप नुसतं बसून राहतं आणि दोन आठवड्यांनी लावलेलं त्याच्या पुढे निघून जातं. आणि हो, बर्फ वितळल्यावर लगेच कुदळ घेऊन धावू नका. मूठभर माती दाबून बघा, गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर काम करा, चिकट राहिला तर थांबा. ओली माती तुडवली की तिची ढेकळं होतात आणि ती पूर्ण सीझन छळतात.

*

लास्ट फ्रॉस्ट डेट, म्हणजे हिवाळा सरताना रोपं गोठवणारं दंव (फ्रॉस्ट) शेवटचं पडतं ती तारीख, तिच्याबद्दल लिहायचंच होतं. बऱ्याच तक्त्यांमधली ती तारीख सरासरी असते, म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत तिच्यानंतरही फ्रॉस्ट येणार हे धरून चालायचं. मी संध्याकाळी आकाश बघतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी असं असलं तर अंदाजात २-३ अंश दाखवत असले तरी रोपं झाकतो, कारण ते तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचं असतं आणि पान त्याच्यापेक्षा गार होतं. ढग असतील तर निवांत झोपतो. झाकायला जुन्या चादरी, पण जमिनीपर्यंत टेकलेल्या, कारण ऊब मातीतून वर येते, ती आत अडकली पाहिजे. प्लास्टिक पानाला चिकटलं की पान तिथेच जळतं. सकाळी ऊन आलं की चादरी काढायच्या. गार हवा जड असते, उतारावरून खाली येऊन साचते, म्हणून बागेच्या सखल कोपऱ्यात मी काकडी-भोपळा लावतच नाही, तिथे लसूण.

*

घरात बिया रुजवणाऱ्यांसाठी एकच: टोमॅटो लास्ट फ्रॉस्टच्या ६-८ आठवडे आधी, मिरची ८-१०. आणि बाहेर लावायच्या आधी आठवडा-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवा, पहिले दिवस सावलीत. खिडकीतल्या रोपाला खरं ऊन आणि वारा सोसत नाही, पानं पांढरी पडतात.

*

सगळे थंडीबद्दल लिहितात, मला तर उन्हाळ्याचाच त्रास जास्त वाटतो. दिवसा ३२ च्या वर आणि रात्री २४ च्या खाली उतरेना अशी लाट आली की टोमॅटोची फुलं गळतात, पराग कामच करत नाहीत. खत घालून काही होत नाही, उलट नुसता पाला वाढतो, लाट ओसरली की फळ आपोआप धरतं. दमटपणामुळे येणारी बुरशी मात्र हाताबाहेर जाऊ शकते. पावसाचे थेंब मातीवर आपटून खालच्या पानांवर उडतात आणि करपा तिथून चढतो, म्हणून मी खालची फूटभर पानं काढून टाकते, मातीवर गवताचा जाड थर देते, दोन रोपांत हात फिरेल एवढं अंतर ठेवते. पाणी सकाळी आणि मुळाशी. संध्याकाळी पानं भिजवणं मी तरी पूर्ण बंद केलंय, फरक डोळ्यांना दिसतो.

*

झोनचा नकाशा (कुठलं झाड कुठल्या भागातल्या थंडीत तगेल ते दाखवणारा) बघून झाडं आणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, त्यात फक्त हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाची सरासरी असते. उन्हाळा किती तापतो, फ्रॉस्ट कधी येतो, बर्फ टिकतो की नाही, काहीच नाही. आमच्याकडे भरपूर बर्फाच्या हिवाळ्यात झाडं मजेत असतात, कारण ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते आणि तो पांघरुणासारखा पडून राहतो. वाईट असतो तो बिनबर्फाचा हिवाळा. जमीन गोठते, वितळते, परत गोठते आणि नवीन लावलेली रोपं मुळासकट वर ढकलली जातात. म्हणून पालापाचोळ्याचा थर मी जमीन गोठल्यावर देतो, आधी नाही. हेतू ऊब द्यायचा नाही, गोठलेली जमीन गोठलेलीच ठेवायचा आहे. बऱ्याच जणांचं याबाबतीत उलट मत असतं, पण मी यावर ठाम आहे.

*

थंडीचा उपयोगही करून घ्या की! ट्युलिपच्या कंदांना १२-१६ आठवडे थंडी मिळाली तरच धड फूल येतं, लसणाला गार पडल्याशिवाय पाकळ्या फुटत नाहीत. लसूण जमीन गोठायच्या ३-४ आठवडे आधी लावायचा, मुळं धरली पाहिजेत पण कोंब फार वर यायला नको. पुढच्या उन्हाळ्यात खालची पानं वाळली की काढायचा. कांद्याचं मात्र बी बघून घ्या, इथे उन्हाळ्यात दिवस १५ तासांचा होतो, शॉर्ट-डे जात (दिवस लहान असतानाच कांदा धरणारी) लावली तर पात वाढायच्या आतच कांदा धरतो आणि गोटीएवढा राहतो.

*

ऑगस्टमध्ये बाग आवरायला घेऊ नका, दुसरा सीझन तिथेच सुरू होतो. पहिल्या फ्रॉस्टच्या तारखेपासून उलटं मोजा, बियांच्या पाकिटावर पीक तयार व्हायचे जे दिवस दिलेत त्यांत दोन आठवडे वाढवा, कारण दिवस लहान होत जातात आणि वाढ मंदावते. पालकाचं बी तापलेल्या मातीत रुजत नाही, त्यामुळे मी सावलीत पेरते. गाजर आणि केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) फ्रॉस्ट खाल्ल्यावर जास्त गोड होतात, झाड थंडीपासून वाचायला साखर साठवतं, तेव्हा ती घाईने काढू नका.

कुंड्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून, कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते, तेच झाड जमिनीत तगतं आणि कुंडीत मरतं. मी प्लास्टिकच्या कुंड्या काठापर्यंत वाफ्यात पुरते, मातीच्या रिकाम्या करून शेडमध्ये, ओल्या राहिल्या तर गोठून तडकतात. सदाहरित झुडपांना जमीन गोठायच्या आधी भरपूर पाणी द्या, हिवाळ्यातल्या वाऱ्याने ती थंडीपेक्षा कोरडेपणाने जास्त जातात.