रझांचं निसर्गचित्र कुठे सुटलं?

मोडका_ब्रश
दर रविवारी आमचा ग्रुप मेणवलीला स्पॉट पेंटिंगला जातो. घाट, देऊळ, झाड, पाण्यातलं प्रतिबिंब. आता डोळे मिटूनही जमतं, आणि तीच पंचाईत आहे. परवा एकाने विचारलं, "हे मागच्या वर्षीचं ना?" अहो, रंग अजून ओला होता! सय्यद हैदर रझाही आधी जलरंगात निसर्गचित्रंच करायचे म्हणे. मग निसर्ग सोडला म्हणून ते बिंदूपर्यंत, म्हणजे त्यांच्या त्या प्रसिद्ध काळ्या वर्तुळापर्यंत, पोचले का?

सीताबर्डीकर
सोडला कुठे? आणि आधी एक: सगळे मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचं नाव घेतात, पण 1939 ते 43 ते आमच्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. नोंद असावी.
जन्म 1922 चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील जंगलखात्यात, त्यामुळे रान लहानपणापासून अंगात मुरलेलं. 1948 मध्ये काश्मीरला चित्रं काढत असताना फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ भेटला. चित्रं चांगली आहेत पण बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान बघ, असं त्याने तोंडावर सांगितलं. रझा रुसून बसले नाहीत, फ्रेंच शिकले! 1950 ला फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पॅरिस, 1956 ला तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळाला.

ओला_वॉश
काकांनी बांधणीचं बरोबर सांगितलं. पन्नासच्या दशकातली त्यांची फ्रान्समधली गावं बघा, घरं म्हणजे नुसते ठोकळे, एकाला एक टेकलेले. पुढे घरं विरघळली, रंग उरला. बिंदू ठळक झाला तेव्हा रझा साठीला टेकले होते. शाळेत लक्ष लागेना म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघायला लावलं होतं, तिथवर ते मागे गेले. 1983 चं 'सौराष्ट्र' बघा. चौकटीच चौकटी, पण तो तांबडा-भगवा रंग तापलेल्या मातीचाच वाटतो. मला तरी ते निसर्गचित्रच दिसतं.
येत्या रविवारी देऊळ-झाड घेऊ नका. फक्त घाटाच्या पायऱ्या घ्या.

मोडका_ब्रश
घेतल्या. नऊ आडवे पट्टे. वरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सुकायच्या आत घाई केली, खालच्या तीन पायऱ्या नदीत वाहून गेल्या. पण मजा आली. काका, सेझानचं आधी काय बघू?

सीताबर्डीकर
सँत-व्हिक्तवार डोंगर. तोच एक डोंगर त्याने कित्येकदा रंगवलाय, तुमच्या मेणवलीसारखा.