मेरीचं न रडणं
फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या 'सीक्रेट गार्डन' या मुलांच्या इंग्रजी कादंबरीत आईबाप कॉलऱ्यानं गेले तरी छोटी मेरी रडत नाही, नुसती चिडचिड करते, म्हणून त्यातलं दुःख खोटं वाटतं असं कुणीतरी म्हटलंय, ते मला नाही पटलं. माझी बहीण गेली तेव्हा भाची ८ वर्षांची, आमच्याकडे भुसावळला आली आणि दोन महिने डोळ्यातून टिपूस नाही, पण मामीनं वाढलेलं ताट सरकवून द्यायची, कळण्याची भाकरी मम्मीसारखी नाही म्हणून हातही लावायची नाही. मे महिन्यात रात्री गच्चीवर मी तिला ही गोष्ट थोडी थोडी मराठीत सांगायचो. सुरुवातीला मेरी मातीच्या ढिगात जास्वंदीची फुलं खोचत बसते ना, तिथे ही एकदम म्हणाली, "मामा, फूल नाही लागत, फांदी लावावी लागते, मम्मीनं लावली होती." आणि मग मामीच्या मांडीत तोंड खुपसून जी रडली ती रडलीच. सकाळी दोघींनी तेलाच्या रिकाम्या डब्यात फांदी लावली.

आणि लेखिकेबद्दल म्हणाल तर बर्नेटबाईंचा थोरला मुलगा लायोनेल १८९० मध्ये क्षयानं गेला, हे पुस्तक आलं १९११ मध्ये, त्यांना हे दुःख ऐकीव नव्हतं.